उघडा कान

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

घरी सगळे ठीक आहेत. थंडीनं बाबांचा गुडघा धरलाय, त्यामुळे सकाळचं फिरणं सोसायटीच्या गेटपर्यंत आलंय. कुणी विचारलं तर मात्र "दोन राउंड झाले" असंच सांगतात. आईच्या मनातून सरोजिनी नगरचं क्वार्टर अजून जात नाही. ते पाडून किती दिवस झाले, तरी भाजी आणायला ती मेट्रो बदलत तिकडेच जाते. परवा म्हणाली, "द्वारकेच्या मेथीला वासच नाही." लुंबिनी वहिनीशी बोलले. ती नागपूरला माहेरी मजेत आहे. तू एप्रिलमध्ये हवालदार होणार म्हणून तिच्या आईनं आत्तापासून पाहुण्यांची नावं काढायला घेतलीत.

मी पत्र का लिहिते आहे, असं तुला वाटेल. फायरिंग रेंजवर मोबाइल जमा करावे लागतात हे मला माहीत आहे. पण त्याच्याही आधी, नोव्हेंबरपासून, तू माझा एकही फोन उचललेला नाहीस. मागाहून "बिझी होतो" असा मेसेज यायचा. ते पुढे येईलच. हे पाकीट माझ्या टीममधली इशिता आणते आहे. आमची गाडी उद्या सकाळी मानेसरच्या ऑफिसातून निघते. आत काय आहे हे तिला माहीत नाही, आणि ती ते फक्त तुझ्याच हातात देईल. गनचं नाव, रेंजचं नाव, रेजिमेंटचा नंबर यातलं मी काहीच लिहिणार नाही.

एकटा असताना वाच. आणि शुक्रवारच्या आधी वाच, कारण शुक्रवारी तुम्ही खरे गोळे टाकणार आहात.

माझं काम काय आहे हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. सुट्टीवर आलास की एवढंच म्हणायचास, "हमारी मॅडम एसी में बैठ के तोप चलाती है." आई हसायची. मीही हसायचे, थोडंसं.

तुमची गन रणगाड्यासारखी साखळ्यांवर स्वतःच धावते, थांबते, गोळे टाकते, आणि समोरून उत्तर यायच्या आत जागा सोडते. सगळा खेळ वेगाचा. आत तुम्ही पाच जण. गोळा यंत्र उचलतं, रॅमर तो नळीत ठोकतो, आणि त्याच्यामागे दारूचा चार्ज तू हातानं ठेवतोस. गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो. ठोका पुरेसा बसला तर तो पट्टा नळीच्या आतल्या आट्यांमध्ये रुततो आणि गोळा जागच्या जागी धरून राहतो. ठोका कमी पडला तर नळी वर उचलल्यावर गोळा घसरून मागे चार्जवर येऊ शकतो. तशात फायर झाली तर आतल्यांचं काय होतं, ते तूच मला एकदा सांगितलं होतंस. मग म्हणालास, आईसमोर बोलू नको.

हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी मी लिहिते आहे, कारण पुढचं लिहिणं टाळते आहे.

गोळा बसला की नाही हे लोडर दोन प्रकारे बघतो. बॅटरी मारून डोळ्यानं, आणि कानानं. नियमात दोन्ही आहेत. पण फायर वेगात सुरू झाली की बॅटरी खिशात राहते. हे रेंजवर सगळ्यांना माहीत असतं आणि कागदावर कुणालाच नसतं. मग उरतो कान. बसलेला गोळा ठण्ण वाजतो, न बसलेला धप्प. तुझ्या उस्तादांचं वाक्य तू आम्हाला कितीदा ऐकवलंस: "गोला बोलता है. कान नंगा रखो." म्हणून तुमच्याकडचे पट्टीचे लोडर हेडसेटचा एक कप कानावरून मागे सरकवून ठेवतात. तू उजवा सरकवतोस. करोल बागेत मी हेडफोन घेत होते, तेव्हा दुकानातच तू मला तो प्रकार करून दाखवला होतास. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, दोनों कान का पैसा लगेगा." तू किती खूश होतास त्या दिवशी.

बंद टरेटमध्ये फायरचे दणके, उघडा कान, आणि इतकी वर्षं. तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही. आवाज मोजणं हे माझं काम असून आलं नाही.

आमची कंपनी रॅमरला एक सेन्सर बसवते आहे. गोळा पक्का बसला की नाही ते तो सांगेल. अजून त्याला मंजुरी नाही. सध्या तो फक्त नोंद करतो आणि ती नोंद आमच्या लॅपटॉपवर येते. आत तुम्हाला काहीच दिसत नाही. म्हणजे शुक्रवारी तुमच्या गनमध्ये लोडरचा कान हाच सेन्सर असणार आहे.

जानेवारीत त्याची ट्रायल झाली. गोळे निर्जीव होते, चार्ज नव्हता, म्हणून धोकाही नव्हता. त्यातले काही ठोके आम्ही मुद्दाम कमी दाबानं मारले. तुमच्या मेजरसाहेबांना ते माहीत होतं, आत बसलेल्यांना नव्हतं. मी रेंजवर आले नाही. माझ्याकडे मानेसरला सेन्सरचे आकडे आणि टरेटमधलं रेकॉर्डिंग आलं. दोन लोडर आळीपाळीनं उभे राहिले होते. एक हणमंत, तुझ्या फोटोत सारखा दात काढत असतो तो लातूरचा. दुसऱ्याच्या जागी फक्त "लोडर वन" लिहिलेलं होतं. पहिला "बैठा!" ऐकला आणि मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आम्हाला जेवायला हाक मारतानाही तू शेवट असाच ताणतोस.

आधी हणमंतचं ऐकलं. नीट ठोक्यावर तो "बैठा" म्हणतो. कमी दाबाच्या ठोक्यावर गप्प राहतो. एकदा म्हणाला, "सर, ये नहीं बोला. फिर से मारो." तुमच्या नंबर वननं, गनच्या प्रमुखानं, झापलं, "तेरे को बोल के जाएगा क्या?" तरी तो हटला नाही. "मुझसे तो रोज बात करता है सर, आज रूठा है." सगळे हसले. त्या हसण्यात तूही होतास, थोडा मागून.

मग तुझं ऐकलं.

तू प्रत्येक ठोक्यानंतर "बैठा" म्हणतोस. नीट बसलेल्यावर म्हणतोस आणि न बसलेल्यावरही. ठोका आणि तुझा शब्द यांच्यातलं अंतर मी मोजलं. ते दर वेळी जवळजवळ सारखंच निघतं. ऐकून उत्तर देणाऱ्या माणसाचं अंतर असं राहत नाही, हणमंतचं राहिलेलं नाही. तू रॅमरचा दांडा मागे येताना बघतोस आणि बोलतोस.

दादा, तुला ऐकू येत नाही.

आता मागचं एकेक जागेवर बसतं आहे. सरोजिनी नगरला सिलिंडरवर टिचकी मारून गॅस किती दिवस पुरेल ते तू सांगायचास. शेजारच्या गुप्ता आंटीही तुला बोलवायच्या. नोव्हेंबरमध्ये आईनं विचारलं, तू टिचकी मारलीस आणि म्हणालास, "अजून आठवडाभर आहे." गॅस दुसऱ्याच दिवशी संपला, पोहे अर्धवट राहिले. आई म्हणाली, फौजेत राहून विसरला. त्याच आठवड्यात रविवारी सगळे मिळून त्रिशरण म्हणत होतो आणि तू आमच्या पुढे निघून गेलास. आमचा "दुतियम्पि" चालू होता आणि तू "ततियम्पि"वर पोहोचला होतास, एक आवर्तन पुढे. बाबांनी डोळे उघडून तुझ्याकडे पाहिलं. वहिनी फोनवर म्हणते, "हे घरातही परेडवर असल्यासारखे ओरडतात." आम्ही प्रत्येक गोष्टीला हसलो.

आणि तुझा फोन. मला वाटत होतं तू माझ्यावर रागावला आहेस. का, तेही मी ठरवून टाकलं होतं.

तुला सोडायला आले त्या दिवशी आपण मुद्दाम पहाडगंजवरून चालत गेलो, आपली शाळा बघायला. तिथून स्टेशनच्या गेटाशी आलो तेव्हा ऑटोवाल्यांचा गलका चालला होता. तू बॅग उजव्या खांद्यावर घेतली होतीस आणि मी त्याच बाजूनं चालत होते. तेव्हा मी तुला म्हणाले, "दादा, मला तुमच्याच गनच्या प्रोजेक्टवर टाकलंय. तू तिथं आहेस हे ऑफिसात सांगू का? तुला अडचण होणार असेल तर नाही सांगत." तू मान हलवलीस आणि म्हणालास, "बरं बरं, चल, उशीर होतोय." मी त्याचा अर्थ लावला की नको सांगूस, आणि पुन्हा हा विषयही नको. मला ते लागलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ऑफिसातही सांगितलं नाही.

तू ते ऐकलंच नव्हतंस, हो ना? तू माझा चेहरा पाहिलास आणि मान हलवलीस.

आता ऑफिसचं. प्रतीक सर माझे मॅनेजर आहेत. त्यांना मी तुझे ठोके दाखवले, नाव न घेता. ते खुर्चीतून उठलेच. "अरे यार, ये तो गोल्ड है! आदमी हर बार ठीक बोल रहा है और सेंसर पकड़ रहा है. ये क्लिप पहली स्लाइड पे डालो." मी म्हटलं, "सर, दुसऱ्या लोडरनं सगळे पकडलेत." ते म्हणाले, "उसको बाद में दिखाएंगे. या मत दिखाओ."

गुरुवारी मानेसरला प्रेझेंटेशन आहे. तुमचे मेजरसाहेब येणार आहेत, त्यांच्या वरचेही. पडद्यावर तुझा आवाज वाजेल आणि खाली लिहिलेलं असेल की माणसावर भरवसा ठेवता येत नाही. बहुतेक लोक मान डोलावतील. प्रतीक सर खोटं बोलत नाहीयेत. त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. बिघडलेल्या कानाशी तुलना करून आमचा सेन्सर जिंकला, तर ते जिंकणं नाही. ती ट्रायल मी बाद धरते.

मी काय करणार आहे ते आता लिहिते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

उद्या सकाळी प्रतीक सरांना सांगणार आहे की लोडर वन माझा सख्खा भाऊ आहे. क्लिप मी कापणार नाही, बदलणार नाही. मंगळवारी तू तुमच्या डॉक्टरसाहेबांकडे जा आणि कान तपासा म्हण. तू स्वतः गेलास तर ती दुखापत ठरते, ड्युटीवर झालेली. दुसऱ्या कुणी दाखवून दिलं तर ते लपवणं ठरतं. तू गेलास तर गुरुवारी त्या खोलीत तुझ्याबद्दल बोलायची गरज पडणार नाही. नाही गेलास तर मी उभी राहून सांगेन, तुमच्या मेजरसाहेबांच्या तोंडावर, की हा माणूस ऐकू शकत नाही आणि उद्या तो गनमध्ये असणार आहे.

काहीही झालं तरी शुक्रवारी तू आत नसशील.

तुझी मेडिकल कॅटेगरी खाली जाईल. गनवरून उतरवतील. एप्रिलची फीत अडकेल, कदाचित कायमची. "काही होणार नाही" असं लिहून तुला धीर देता आला असता, पण ते खरं नाही. तू हे किती दिवस लपवलंस आणि कशासाठी, ते मला समजतं. त्या गनवर तुझ्याइतकं प्रेम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण तू "बैठा" म्हणालास की हणमंत विश्वास ठेवतो. नंबर वन, गनर, ड्रायव्हर, सगळेच ठेवतात. त्यांच्यापैकी कुणीही वळून बघत नाही, कारण ते तुझं काम आहे.

आईला काही सांगितलेलं नाही. ते तू सांग.

उत्तर नको. जा.

तुझी
उन्नती

ता. क. हे पत्र लिहिलं कारण ते ऐकावं लागत नाही.


द्वारका, नवी दिल्ली
रविवार, १ मार्च २०२६

प्रिय दादा,
जय भीम.

एकाच शहरात असून पुन्हा पत्र लिहिते आहे, हसू नको. काल आर्मी हॉस्पिटलच्या वॉर्डात तुझ्यासमोर बसले होते, पण तिथं बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि या ओरडून सांगायच्या गोष्टी नाहीत. हे पाकीट बाबा आणून देतील. गुडघ्याची सबब त्यांनी या आठवड्यात एकदाही काढलेली नाही.

तू त्या मंगळवारी गेला नाहीस. इशिताचा संध्याकाळी फोन आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "कौन, वो नायक? सुबह से गन साफ कर रहा है." बुधवारी सकाळी मी ऑफिसात गेले आणि स्लाइड उघडून बसले. गुरुवारी काय बोलायचं ते लिहून काढलं. तुझं नाव कुठे घ्यायचं यावर अडले. सारखं खोडून पुन्हा तेच लिहीत होते.

बुधवारी दुपारी जे झालं ते इशितानंच सांगितलं. ते तुझ्याकडून कळायला हवं होतं, पण तू सांगणार नाहीस, म्हणून तिचं लिहिते. चुकीचं असेल तर दुरुस्त कर.

गन चेक करायला ती आत चढली तेव्हा तू तिला म्हणालास, "मॅडम, जनवरी वाला फिर से कर दो. दबाव कब कम करोगी, मुझे मत बताना." तिनं नंबर वनकडे पाहिलं. तो म्हणाला, "कर दो, इसका आज दिमाग हिला हुआ है." तू हणमंतला शेजारी उभं केलंस आणि दोघांनी डोळे मिटायचे असं ठरवलंस. ऐकून फक्त बोट वर करायचं, तोंडानं काही बोलायचं नाही. हणमंतला वाटलं पैज आहे. म्हणाला, "उस्ताद, हारोगे तो रम मेरी." रॅमर मारत गेले. तो डोळे मिटून उभा, बोट कधी वर, कधी खाली. आणि तुझं बोट एकदाही वर गेलं नाही. दांडा दिसत नव्हता म्हणून केव्हा वर करायचं तेच तुला कळत नव्हतं. हणमंतनं शेवटी डोळे उघडले आणि तुझ्याकडे बघत राहिला. तू हेल्मेट काढलंस, हणमंतच्या हातात दिलंस, खाली उतरलास आणि एमआय रूमकडे, तुमच्या डॉक्टरसाहेबांकडे, चालत गेलास. हणमंत हेल्मेट धरून मागे धावला. तू वळला नाहीस. त्यानं हाक मारली असेल तर तुला ऐकू आली नसेल.

मी तुला आकडे पाठवले होते. तू ते स्वतः पुन्हा करून पाहिलेस. मीही तेच केलं असतं.

इशितानं फोन ठेवायच्या आधी विचारलं, "उन्नती, वो तेरा भाई है ना? चिढ़ने का तरीका सेम है." मी हो म्हटलं.

तिच्याबरोबर तू माझंच पाकीट परत पाठवलंस, मागच्या बाजूला लिहून: "तुझं गणित बरोबर निघालं. झालं समाधान?" मी ते ठेवलं आहे. समाधान झालं नाही, हे उत्तर.

गुरुवारी मी त्या खोलीत सांगितलं की लोडर वनचे ठोके तुलनेतून काढावे लागतील, कारण त्याचा कान तपासलेला नव्हता. तुझ्याबद्दल आणखी काही नाही. मेजरसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. उरले हणमंतचे ठोके, आणि त्यानं सगळे पकडले होते. म्हणजे आमचा सेन्सर एका चांगल्या लोडरइतकाच निघाला, जास्त नाही. बाहेर आल्यावर प्रतीक सर म्हणाले, "सेल्फ गोल, उन्नती. बिल्कुल सेल्फ गोल." नातं सोमवारी सांगितलं, पण आधी न सांगितल्याबद्दल मला प्रोजेक्टवरून काढलं आहे. ते योग्यच आहे. आता ट्रकच्या ब्रेकवर बसवलंय. ब्रेक बोलत नाहीत, फक्त किंचाळतात.

आता जे सांगायला हे पत्र लिहिते आहे ते.

शुक्रवारच्या फायरिंगची नोंद मला बघता आली नाही, पण इशितानं सांगितलं. तुझ्या जागी दुसरा लोडर होता. सगळे गोळे नीट बसले. एकही ठोका कमी पडला नाही. म्हणजे तू आत असतास, प्रत्येक वेळी डोळ्यानं दांडा बघून "बैठा" म्हणाला असतास, तरी काहीच झालं नसतं. पाचही जण संध्याकाळी खाली उतरून जेवले असते, आणि तू एप्रिलमध्ये हवालदार झाला असतास. हे तुला कधीतरी कळणारच होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. यावर मला काही म्हणायचं नाही. मी पुन्हा तसंच करेन, आणि हे मला रोज आठवेल, एवढंच.

काल तुझ्याशी आई खूप जोरात बोलत होती. बाबा म्हणाले, "अगं हळू, सगळा वॉर्ड ऐकतोय." तेव्हा तू म्हणालास, "बोलू दे बाबा, सगळा वॉर्ड बहिरा आहे." पलीकडच्या पलंगावरचे सुभेदार हसले, म्हणजे ते तरी बहिरे नव्हते. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की तू घरी येशील. येशीलच, पण आपला तोच दादा म्हणून येशील.

मग आई-बाबा डॉक्टरांना भेटायला गेले आणि आपण दोघंच राहिलो. मी स्टूल घेऊन बसले होते ती तुझी उजवी बाजू होती. लक्षात आलं तरी उठले नाही. उठले असते तर तुला दिसलं असतं मी का उठले. तू खिडकीकडे बघत राहिलास. माझ्याशी बोलायचं नाही असं तू ठरवलं आहेस, ते मला मान्य होतं. मी आईनं आणलेला डबा आवरायला घेतला.

तेव्हा तू हात पुढे केलास. डबा माझ्याकडून घेतलास, झाकण लावलंस आणि त्यावर टिचकी मारलीस, सिलिंडरवर मारायचास तशी, बोटाच्या मागच्या पेरानं. मान तिरकी करून थांबलास. पुन्हा मारलीस. मग तो माझ्यासमोर धरून विचारलंस,

"काय म्हणतोय?"

तू आजवर कुणाला असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. मी उठले, पलंगाला वळसा घालून तुझ्या डाव्या बाजूला आले आणि कानाशी वाकून सांगितलं, "रिकामा आहे, दादा."

तू मान हलवलीस. या वेळी ऐकून हलवलीस.

पुढच्या रविवारी येते. मेथीचे पराठे आणेन, मेथी सरोजिनी नगरचीच असेल. डावीकडचं स्टूल रिकामं ठेव. त्यावर कुणी बसलं तर त्याला उठव, तुझ्या परेडच्या आवाजात.

तुझ्या डाव्या बाजूची,
उन्नती